घरचं लोखंड

लेकीचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. म्हणाली, "बाबा, टीव्ही लावू नका." आता असं म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? मी आत गेलो आणि टीव्ही लावला. ती राहते त्या शहरातल्या बाजारात बॉम्ब फुटला होता. त्या शहराचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. पळणारी माणसं, दिवे लावलेल्या गाड्या, रस्त्यात पडलेला एकच बूट. लेक अजून फोनवरच होती. "आम्ही घरीच होतो. काही न्हाई झालं," म्हणाली. मी म्हणालो, "बरं." फोन ठेवला आणि पुन्हा शेंगा सोलायला बसलो.

बस्स, एवढंच. छातीत धडधडलं नाही, हात थरथरला नाही. लेक गरोदर, सातवा महिना, तिच्या घराजवळ बॉम्ब फुटतो आणि बाप शेंगा सोलतो! स्वतःचा राग यायला पाहिजे होता, तोही आला नाही. बायको गेल्यापासून हे असंच चाललं होतं. आदल्या वर्षी हसनाबादहून जालन्याला निघालो होतो. मोटारसायकलवर मी पुढं, ती मागं. रस्त्यात एक ट्रॉली उभी होती, ना दिवा, ना झाडाची फांदी टाकलेली. आम्ही तिच्यावर आदळलो. बायको जागीच गेली. माझ्या डाव्या नडगीत डॉक्टरांनी लोखंडाची सळई घातली आणि घरी पाठवलं. तेव्हापासून गुडघा पुरता दुमडत नाही आणि त्याच्या खालची कातडी घोट्यापर्यंत बधिर आहे. चिमटा काढा, नाहीतर उकळतं पाणी ओता, काही कळत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत. पण लेकीचं ब्लडप्रेशर वाढलं आणि तिकडच्या डॉक्टरणीनं विमानात बसायला साफ मनाई केली. मंग माहेरानंच तिच्याकडं जायचं. आता माहेर म्हणजे आई, आणि ती तर नव्हती. जावयाची आई अंथरुणाला खिळलेली. राहता राहिलो मी. पासपोर्ट होता, व्हिसाही हातात आला होता. तिकीट तेवढं काढायचं होतं, आणि त्यातच हा बॉम्ब.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात गेलो तर दुकानदार माझीच वाट बघत होता. "गुरुजी, जाऊन राह्यले का काय अजून? तिकडं माणसं मरून राह्यलीत!" मी साखर मागितली. त्यानं साखर बाजूला ठेवली आणि मोबाइल पुढं केला. "हे बघा. आता लई तपासून राह्यलेत. बूट काढायचे, पट्टा काढायचा, हात वर करून उभं राहायचं. तुमच्या पायात तर आख्खं लोखंड. मशीन असं बोंबलंल की बिलकुल सोडणार न्हाईत तुम्हाला." ह्या माणसाची सासरवाडी आष्टीची. आष्टीच्या पलीकडं हा बाबा आयुष्यात गेलेला नाही, पण विमानतळाची अशी माहिती देत होता जशी काय रोज तिथंच ड्युटी लागते. मी म्हणालो, "साखर द्या."

तसा मी तरी कुठं गेलो होतो म्हणा. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पोरांना सात खंड शिकवले, छडीनं नकाशावर समुद्र दाखवले, आणि स्वतः रेल्वेनं मुंबईपर्यंत गेलो तेवढंच.

पण खरं सांगायचं तर मला बॉम्बची भीती नव्हतीच. बाजारात बॉम्ब फुटून मरायचं का जालन्याच्या रस्त्यावर ट्रॉलीवर आदळून, मला दोन्ही सारखंच झालं होतं. मला जायचंच नव्हतं. कुठंच जायचं नव्हतं. उठायचं, खायचं, ओट्यावर बसायचं, झोपायचं, एवढं जमत होतं. तिथं जाऊन मी काय दिवे लावणार होतो? बाळंतपणात बाप्या माणसाचं काम काय? बॉम्ब म्हणजे मला आयतं कारण मिळालं होतं. आता कुणी म्हणणार नव्हतं की बाप आला नाही. सगळे म्हणणार होते, कसा येईल बिचारा.

संध्याकाळी मी लेकीला फोन लावला. सांगायचं मनात जुळवून ठेवलं होतं. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत तीच म्हणाली, "बाबा, तुम्ही नका येऊ." जावई जमेल तेवढी सुट्टी काढतील म्हणाली. इथं स्टेशनावर बंदुका घेऊन शिपाई उभे आहेत, तुमच्या पायाला त्रास होईल, तुम्हाला भाषा येत नाही, असं काय काय सांगत राहिली. माझंच सगळं भाषण तिनं केलं. मी फक्त हं, हं म्हणत होतो. मला हलकं वाटायला पाहिजे होतं.

मंग ती थांबली आणि तिनं विचारलं, "बाबा, एक सांगा ना. आई मला कशी न्हाऊ घालायची? पायावर घेऊन घालायची ना? डोकं कुठल्या बाजूला करायचं?"

आता आली का पंचाईत! मला कुठलं माहीत? आमच्या काळात बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत बाप्याला येऊ देत नसत. बाहेर बसून मी फक्त रडणं ऐकलेलं. मी म्हणालो, "मला न्हाई माहीत, बाई."

"बरं, जाऊ द्या," ती म्हणाली. "मी मोबाइलवर बघते."

ह्या "जाऊ द्या"नं काय केलं कोण जाणे. बायकोलाही काही लागलं-दुखलं की ती "जाऊ द्या" म्हणायची, अगदी ह्याच आवाजात. मला रडू आलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू. पण मी म्हणालो, "जावयाला सांग, तिकीट काढा म्हणावं." ती म्हणाली, "अहो बाबा, पण..." मी फोन ठेवून दिला. मला पुन्हा विचार करायचा नव्हता.

माझी थोरली बहीण केदारखेड्याला असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. आजूबाजूच्या गावांतली किती लेकरं तिच्या पायावर न्हाली असतील त्याचा हिशेब नाही. मी तिच्याकडं गेलो आणि म्हणालो, "आक्का, मला लेकरू न्हाऊ घालायला शिकव." ती आधी खूप हसली. मंग रडली. मंग म्हणाली, "बस इथं पाय लांब करून." ते मला शिकवायची गरज नव्हती. माझा पाय लांबच असतो.

तिनं परड्यातून एक दुधी भोपळा तोडून आणला आणि माझ्या नडग्यांवर ठेवला. "हं. हे लेकरू. डोकं तुझ्या पावलाकडं. लाव तेल." मी तेल लावलं. "अरे दाबू नको! भाकरी थापून राह्यला का काय?" तिनं पाणी ओतायला लावलं. तेलकट भोपळा सुळकन घसरला आणि मोरीच्या दगडावर आपटून फुटला. "मारलं रे मारलं लेकरू!" आक्का ओरडली. शेजारच्या बाया धावत आल्या. त्यांच्यासमोर मला दुसऱ्या भोपळ्यावर सगळं पुन्हा करावं लागलं. निवृत्त मुख्याध्यापक, डोईला पांढरं, आणि भोपळ्याला आंघोळ घालतोय! आठवडाभर मी तेच करत होतो. रोज संध्याकाळी त्याच भोपळ्याची भाजी.

निघायच्या दिवशी आक्कानं डिंकाच्या लाडवांचा डबा भरून दिला. त्याला वरून फडकं गच्च बांधलं. "हातातल्याच पिशवीत ठेव. खाली टाकू नको, जवळून सोडू नको," असं दहादा बजावलं. मला वाटलं, मोठ्या बॅगा कधी कधी भलत्याच गावी जातात म्हणून सांगते. जावईही तसंच म्हणाले होते.

विमानतळावर मोठी बॅग आत गेली. मंग ती तपासणीची रांग. बूट, पट्टा, घड्याळ, सगळं ट्रेमध्ये. चौकटीतून गेलो आणि मशीन बोंबललं, दुकानदारानं सांगितल्याप्रमाणं बराबर. एका शिपायानं मला बाजूला घेतलं, हातातलं यंत्र नडगीवरून फिरवलं, ते पुन्हा किंचाळलं. मी डॉक्टरांचं पत्र आणि एक्स-रे दाखवला. त्या शिपायानं एक्स-रे उजेडाकडं धरला आणि म्हणाला, "अॅक्सिडेंट?" मी म्हणालो, "हो." "अकेले थे?" मी म्हणालो, "नहीं." त्यानं पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं आणि जा म्हणाला.

मी सुटलो असं वाटलं, तर मशीनच्या सरकत्या पट्ट्यावरून पिशवी आली नाही. वर्दीतली एक तरुण मुलगी ती घेऊन उभी होती. "अंकल, ये आपका है? खोलिए." मी डबा उघडला. तिनं हातमोजा घालून लाडू बाजूला केले. तळाशी हळदीच्या फडक्यात काहीतरी होतं. तिनं ते उलगडलं. अडकित्ता!

माझ्या बायकोचा अडकित्ता. पितळी मुठीचा, लोखंडी पात्याचा. लेक जन्मली तेव्हा तो तिच्या उशाखाली होता, चांगला सव्वा महिना. ओल्या बाळंतिणीच्या आणि लेकराच्या उशाला लोखंड ठेवायचं, तिच्यासाठी काही न्यायचं तर त्यात लोखंड घालायचं, म्हणजे वाईट काही जवळ येत नाही. आमच्याकडं हे कुणी कुणाला सांगत नाही, ते होतंच. आक्कानं माझ्या घरून तो कधी उचलला, देवाला ठाऊक. काय म्हणावं ह्या बाईला! जगभर बॉम्ब फुटायला लागलेत, माणसाच्या बुटाचे तळवे तपासतात, आणि हिनं लाडवात पातं लपवून मला विमानात पाठवलं. तेही लेकराच्या जिवाला धोका नको म्हणून.

मी मोडक्या हिंदीत त्या मुलीला सांगायला लागलो. बच्चा, तकिया, नजर. तिला कळलं असावं, कारण ती चिडली नाही. पण म्हणाली, "ये अंदर नहीं जा सकता, अंकल." बॅग आधीच गेली होती. तिथंच टाकायचा, नाहीतर तो घेऊन मागं फिरायचं. "आपको जाना है या वापस जाना है?"

मी उभा राहिलो. मागं रांग खोळंबली. आता तर कुणालाही पटेल असं कारण माझ्या समोरच होतं. बायकोच्या हाताची अशी एवढीच वस्तू उरली होती, बाकीचं सगळं वाटून टाकलं होतं. घेऊन परत फिरलो असतो तर एकानं नाव ठेवलं नसतं. त्या मुलीनं पुन्हा विचारलं. मी अडकित्ता उचलला, एकदा उघडला, एकदा मिटला आणि तिच्या शेजारच्या खोक्यात टाकला. आत कात्र्या होत्या, सुऱ्या होत्या, त्यांच्यावर तो पडला. फडकं मी मागून घेतलं. मला त्या वेळी काहीही वाटलं नाही. विमानात जेवण आलं ते सगळं खाल्लं.

लेकीनं दार उघडलं तेव्हा मला ती आधी ओळखूच आली नाही, इतकी सुजली होती. येताना स्टेशनावर बंदुकवाले दिसले, आणि एका कोपऱ्यावर फुलं आणि मेणबत्त्यांचा ढीग. जावई म्हणाले, इथंच. मी बरं म्हणालो. ठरल्या दिवसाच्या आधीच तिला कळा आल्या आणि मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या.

त्याच दुपारी लेक पलंगावर टेकली आणि म्हणाली, "बाबा, आईचा अडकित्ता द्या. आक्कानं मला फोनवर सांगितलंय."

मी झालं ते सांगितलं. ती उशीकडं बघत राहिली. जावई उठून स्वयंपाकघरातला चाकू घेऊन आले. "हा न्हाई चालत," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "घरचं लोखंड पायजे. मला घरचं पायजे होतं." शिकलेली पोरगी, कॉम्प्युटरवर काम करते, आणि एका अडकित्त्यासाठी हुंदके देऊन रडत होती. अडकित्त्यासाठी नाही, ते मलाही कळत होतं.  मी जमिनीवर पाय लांब करून बसलो आणि नडगीवर थाप मारली.

"अगं, मंग हे कोणाच्या घरचं आहे? आण इकडं तिला."

ती रडता रडता थांबली. माझ्या पायाकडं बघितलं. आई गेली त्या दिवसाचं लोखंड ते, तिला मी काय सांगणार? जावयानं लेकरू माझ्या नडग्यांवर ठेवलं, डोकं पावलाकडं. भोपळ्यापेक्षा हलकं होतं. मी दोन्ही हातांनी धरून बसलो. ते झोपून गेलं. लेकही बघता बघता झोपली, किती दिवसांनी कोण जाणे. मी हललो नाही.

बराच वेळ गेला. मंग जावई हळूच म्हणाले, "बाबा, तिनं तुमच्यावर शू केलीय. धोतर भिजलं." मला काही कळलंच नव्हतं. शू डाव्या नडगीवर झालेली, आणि ती तर बधिर. मी खाली बघितलं. ओघळ घोट्यावरून टाचेपर्यंत आला होता, आणि टाचेला ते गरम लागलं. मी म्हणालो, "असू द्या. घेऊ नका तिला." आणि मला रडू फुटलं.