कोल्हारचा जिना

आठवडाभर मी घरं बांधतो आणि रविवारी माणसं गायब करतो. नगरमध्ये ही ओळख मला इतकी चिकटली आहे की, एखादा प्लॅन मंजूर होऊन आला की कुणीतरी विचारतंच, "काय हो, कांडी फिरवली वाटतं?" पूर्वी चिडायचो. हल्ली चिडायलाही दम लागतो, म्हणून हसून घेतो.

खरं सांगायचं तर मला दोन्ही धंदे एकच वाटत आले. भिंगारच्या शाळेत जादूचा पहिला खेळ केला, तेव्हा बायकोला नाहीसं करायचं खोकं मी ट्रेसिंग पेपरवर काढलं होतं, पुढून-बाजूनं, मापासकट. लोकांना जो तळ दिसतो तो तळ नसतो, एवढीच गंमत. घरातही पाइप, वायरी, गज आपण लपवतोच की! तीस वर्षं मी या कौतुकात होतो. मग कोल्हारला एक जिना बांधला.

घर एका निवृत्त शिक्षिकेचं. झेडपीच्या शाळेत जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाई. उंचीनं बेताच्या, बोलायला मोजक्या. यजमान शेती बघणारे, चांगले सहा फुटी. "तिला पसंत तर मला पसंत. मला यातलं काय बी कळत न्हाई," असं म्हणून ते उसाकडं निघून जायचे.

बाईंनी वरचं बाथरूम मधेच हलवायला सांगितलं. मी हलवलं. त्याबरोबर एक बीम जिन्यावर सरकलं, आणि सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढून जिन्यावरची उंची मी पुन्हा तपासलीच नाही. आळस, दुसरं काय! स्लॅब टाकून झाला, भिंती उभ्या राहिल्या आणि जिन्याला फरशी बसवताना मिस्त्री माझ्या कानाशी लागला, "साहेब, उंच मानसाचं डोस्कं फुटंल हितं." मी चढून बघितलं. माझे केस बीमला घासले, आणि मी काही उंच म्हणावा असा नाही.

तेवढ्यात बाई आल्या. त्या एकेक पायरी चढताहेत, मी मागे. बरोबर त्या बीमखाली आल्यावर माझा हात आपोआप उठला. "बाई, खिडकीतनं बघा, प्रवरा कशी दिसतेय!" त्यांनी तिकडं बघितलं, "छान" म्हणाल्या आणि बीमखालून वर निघून गेल्या. मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिला. मी मात्र, सांगायला लाज वाटते, खूश होतो. खेळ जमला होता.

घरी येऊन बायकोला हे रंगवून सांगितलं. वर्षानुवर्षं माझ्या खोक्यात मुकाट बसलेली ती. हसेल असं वाटलं. ती भाजी निवडायची थांबली. "अहो, खेळाला लोक फसायलाच येतात. त्या बाईंना तिथं राहायचंय."

झालं, आमचं वाजलं. मी म्हटलं, तिथं दिवा लावू, पाटी लावू, सवय होईल त्यांना. दोन दिवस घरात धुसफूस. पण डोळ्यांसमोरून ते यजमान हलेनात, शेतातून येऊन भराभर जिना चढणारे. कपाळ फुटलं तर? मागच्या मागे कोसळले तर? वास्तुशांत पंधरा दिवसांवर आली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि कोल्हार गाठलं.

बाई एकट्याच होत्या, हॉलमधली नवी फरशी पुसून बघत होत्या. मी जिन्यापाशी उभं राहून सगळं सांगितलं. बीम माझ्या चुकीनं तिथं आलंय. त्या दिवशी मी तुमची नजर मुद्दाम वळवली. जिना अर्धा फोडून वळवावा लागेल, तो खर्च माझा. पण वास्तुशांत पुढे ढकला.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"सर, मी पहिलीचा वर्ग घ्यायचे. पोरानं 'बाई, ती चिमणी बघा' म्हटलं की मी आधी त्याची मूठ बघायचे. बीम मी जातानाच बघितलं. यांना अजून बोलले नाही."

"मग मला तरी बोलायचं!"

"तुम्ही होऊन सांगताय का, ते बघत होते." त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "जिन्याचं काय एवढं, फोडता येतो. पण त्या दिवसापासून या घरातल्या कुठल्याही भिंतीकडं बघितलं की मनात येतं, हिच्यात काय झाकलं असेल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाळ्यांनी इतकी वर्षं फुगलेला माणूस मी, त्या फरशीवरून नजर वर करायची हिंमत होईना.

मग गाडीतून ड्रॉइंगची गुंडाळी आणली आणि दारापासून सुरुवात केली. पाइप कुठून गेलाय, वायर कुठं वळलीय, कुठल्या खांबात किती गज आहेत, मागच्या भिंतीत मिस्त्रीची चूक सिमेंटच्या मसाल्यानं कुठं बुजवलीय, सगळं. बाई मिस्त्रीचा खडू घेऊन भिंतीवर खुणा करत होत्या आणि शंका विचारून विचारून मला घाम फोडत होत्या. आजवर एकाही खेळाची करामत मी बाहेर फोडलेली नाही. त्या दिवशी गच्चीवरच्या टाकीपर्यंत अख्खं घर उघडं करून दाखवलं. जेवायचंही राहिलं.

दुपार कलल्यावर बाई खालच्या पायरीवर टेकल्या. खडूचे हात पदराला पुसले.

"वास्तुशांत पुढच्या महिन्यात करू," त्या म्हणाल्या. "आता झोप लागेल मला इथं."