काकींच्या नावाने उघडलेली फाईल

सायबर सुरक्षेचा वर्ग मी घेतो हे ऐकून माझी बायकोसुद्धा हसते. हसू दे. कोन गावाजवळच्या आमच्या कोळंबी गोठवायच्या कारखान्यात नवी माणसं आली की पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगतो, चूक झाली तर ताबडतोब बोला, तुम्हाला कोणी काही करणार नाही. हे सांगताना दर वेळी मला स्वतःची लाज वाटते.

आमच्या नोंदीच्या खोलीत एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर बसायच्या काकी. विचुंबे गावच्या, सगळेच त्यांना काकी म्हणायचे. कित्येक वर्षं बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलली, मग अक्षर चांगलं आणि डोकं शांत म्हणून त्यांना ती खुर्ची मिळाली. सोलायच्या टेबलावरून खुर्चीपर्यंत पोचलेल्या त्या एकट्याच. करंज्याच्या बंदरावरून आलेला मालाचा प्रत्येक लॉट कुठल्या बोटीचा, किती थंड, सगळं त्या टिपायच्या. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, मशीनला हात जोडून पासवर्ड टाकायच्या, की दिवसभर आम्ही सगळे त्यांच्याच नावाखाली काम करायचो. कंपनीने प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला होता. पण काकी असताना आपला वेगळा उघडायचा म्हणजे एका घरात वेगळी चूल मांडल्यासारखं वाटायचं. मलाही वाटायचं. कोळंबी नासायला लागली की वास कसा बदलतो, हे मला काकींनीच शिकवलं होतं.

एका दुपारी काकी जेवायला गेल्या आणि मी त्यांच्या खुर्चीत बसलो. मेल आलेला दिसला. तुमचा लॉट तपासणीत नापास, अहवाल सोबत जोडला आहे. माझी तंतरली. कोणाचा मेल, कुठून आला, काही न बघता फाईल उघडली. तिने परवानगी मागितली, तीही दिली. शहाणा ना मी. आत काहीच नव्हतं. काहीतरी गडबड झाली हे मला तेव्हाच कळलं होतं. तिथल्या तिथे बोललो असतो तर इंटरनेटची वायर काढून बाकीचं वाचवता आलं असतं, हे आज मीच शिकवतो. तेव्हा मात्र खिडकी बंद केली आणि गुपचूप चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर पैसे मागणारी धमकी, आणि सगळ्या नोंदींना कोणीतरी टाळं ठोकलेलं. माल चांगला होता, पण कुठली पेटी कुठल्या लॉटची, किती थंड ठेवलेली, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. ज्याची नोंद नाही ते लोकांच्या पोटात कसं घालणार? चांगली कोळंबी खड्ड्यात पुरली. सोलणाऱ्या बायका नुसत्या बघत उभ्या होत्या.

चौकशीत नाव निघालं काकींचं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ही फाईल तुम्ही उघडलीत?"

काकी म्हणाल्या, "उघडली असंल साहेब. मना त्यातला काय कलत नाय."

खोलीत आम्ही सहाजण होतो. प्रत्येकजण त्याच नावाखाली काम करायचा, त्यामुळे सगळ्यांचीच दातखीळ बसली. माझी तर सगळ्यांत घट्ट. काकींना परत सोलायच्या टेबलावर पाठवलं. पंधरा दिवस त्या गमबूट घालून मान खाली घालून उभ्या राहिल्या, मग यायच्या बंद झाल्या. त्यानंतर नियम आले, ज्याचा त्याचा पासवर्ड सक्तीचा झाला आणि शिकवायला मला नेमलं, जुना माणूस म्हणून.

गेल्या महिन्यात विचुंब्याला गेलो. सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. काकींनी पाणी दिलं, माझ्या मुलींची चौकशी केली. मध्येच त्यांचा फोन वाजला तर उचलला नाही, सुनेला हाक मारली. मी हात लावला की बिघडतं, म्हणाल्या. मग जवळ सरकून हळूच विचारलं, "पोरा, तुला समजतं म्हणून इचारते. मी नक्की काय दाबलं व्हतं रं?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. शपथेवर सांगतो, आलं होतं.

"होतं काकी कधी कधी चुकून," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या. "त्या बायांना सांग," म्हणाल्या, "येवढा माल माज्यापायी गेला, माफ करा म्हनावं."

सांगतो, म्हणालो.