तेवीस आणि एकशे चाळीस यांच्या मधली बाई

एडना पावलिकने सव्वीस वर्षं अमेरिका उलटी पाहिली. तिचं काम निगेटिव्ह कापून जोडण्याचं, आणि निगेटिव्हवर सगळंच उलटं असतं. सिनेटरांचे दात काळे, नवरीचा पोशाख काळा, बर्फ कोळशासारखा. मुष्टियुद्धात गोरा काळा दिसतो आणि काळा गोरा; खाली पडतो तो मात्र कोणीही असला तरी सारखाच पडतो. निवडणुका, मिरवणुका, बेसबॉलचे सामने, कुत्र्यांची प्रदर्शनं, सगळं तिच्या पांढऱ्या सुती हातमोज्यांतून गेलं. थिएटरात जाऊन आपला वार्तापट ती क्वचितच बघे. "तिथे माणसं ओळखू येत नाहीत," असं म्हणायची.

हॅडली वार्तापट कंपनी न्यूयॉर्कच्या दहाव्या ॲव्हेन्यूवर तिसऱ्या मजल्यावर होती. आठवड्याला दोन अंक निघत आणि मुख्य चित्रपटाच्या आधी देशभर दाखवले जात. एडना कामाला लागली तेव्हा कापणारे अकरा होते. घराघरांत टेलिव्हिजन आला आणि १९६२ साली दोनच उरले: एडना आणि फर्डी ब्रँकाटो. फर्डी बासष्ट वर्षांचा, गुडघे गेलेला, बोलायला कंजूष.

एडनाचा नवरा एक्कावन्न साली वारला. त्याचा बोलिंगचा चेंडू तिने टाकून दिला नाही. त्याची भोकं बुजवून आपल्या बोटांच्या मापाची नवी पाडून घेतली आणि दर मंगळवारी बायकांच्या संघातून ती खेळू लागली. वस्तीतलं साप्ताहिक पुरुषांचे गुण शेवटच्या माणसापर्यंत छापायचं, बायकांचे नाही. म्हणून एडना आपले गुण कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायची. घरमालकाने दोनदा त्यावर रंग फासला. तिसऱ्यांदा तिने खिळ्याने कोरून लिहिले.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सकाळी तिच्या टेबलावर एल्डरटनच्या शर्यतीची रिळं आली. मॅसॅच्युसेट्समधलं हे बुटांच्या कारखान्यांचं गाव. दर ऑक्टोबरात कोलंबस दिनाच्या सुट्टीला तिथे दहा मैलांची शर्यत होते. अँगस मॅकरे या छायाचित्रकाराने किल्ली देऊन चालणाऱ्या कॅमेऱ्यावर ती टिपली होती. रिळांसोबत त्याचा कागद होता. कुठलं दृश्य कुठे घेतलं, कोण कोण दिसतंय, हे त्यात लिहिण्याची पद्धत. कागदाच्या शेवटी त्याने लिहिलं होतं: "शेवटची रेषा. नंबर तेवीस आणि नंबर एकशे चाळीस यांच्या मधे एक बाई. नंबर नाही. जोझेट पेलेटिए, वय एकतीस, बुटांच्या कारखान्यात शिलाई, दोन मुलं. शर्यतीच्या समितीवाले कॅमेरा बंद कर म्हणून ओरडत होते. वारा फार होता, ऐकू आलं नाही."

एडनाने भिंग लावलं. बाई होती. आखूड केस, पुरुषाचा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, तोंड उघडं. तिच्या मागे एक अधिकारी हात पसरून धावत होता, पण त्याचं पोट त्याच्या मदतीला येत नव्हतं.

दोनच्या सुमारास संपादक सॉल विनिक आला. बाह्या वर, पेन्सिल कानावर.

"एडना, त्या शर्यतीत म्हणे एक बाई आहे."

"आहे."

"काढ तिला. तेवीस नंबरवरून थेट एकशे चाळीसवर जोड. कापलेला तुकडा पिंपात टाक."

"का?"

"एल्डरटनहून थेअरचा फोन होता. समितीचा अध्यक्ष. तो म्हणतो, ती बाई शेवटच्या मैलाला चर्चमागून निघून मधेच घुसली. फसवाफसवी आहे सगळी. आणि बायकांना इतकं लांब पळायची परवानगीच नाही."

"चर्चमागून?"

"हो. आणि तुला सांगायला नको, त्या भागातली चार थिएटरं थेअरची आहेत. चारही आपला अंक घेतात."

एडनाने अँगसचं दुसरं रीळ काढलं, तिसऱ्या मैलावरच्या पुलाचं, आणि भिंगाखाली हळूहळू सरकवू लागली. मग ती थांबली आणि सॉलला खुणेने बोलावलं.

"बघ. पूल. तिसरा मैल."

सॉलने भिंगाला डोळा लावला. "बाई आहे."

"तीच आहे. आता शेजारच्या मोटारीत बघ. उघडी गाडी, आत टोपीवाला उभा आहे."

सॉल बराच वेळ वाकून राहिला. "थेअर," तो म्हणाला.

"तिच्याकडे बोट दाखवतोय. म्हणजे तिसऱ्या मैलाला त्याने तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय."

"एडना, ते सगळं ठीक आहे. पण ती शर्यत त्यांची आहे, थिएटरं त्यांची आहेत. काप."

"मी कापणार नाही."

"काय?"

"बहिऱ्या कानात सांगितलं का? दुसऱ्या बाजूने येऊन सांगू? मी कापणार नाही."

सॉलने पेन्सिल कानावरून काढली आणि परत ठेवली. "वर मालक विचारतायत, दोन कापणारे कशाला हवेत म्हणून. कळतंय ना मी काय म्हणतोय?"

"कळतंय. तरी नाही."

"बरं. फर्डी! इकडे ये. हा सांधा तू मार."

फर्डीने हात खिशात घातले. "ते तिचं टेबल आहे."

"मला माहीत आहे ते तिचं टेबल आहे!"

"मग विचारतोस कशाला?"

हा नियम बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटेल, पण कापणाऱ्यांच्या संघटनेने तो करारात घालून घेतला होता: एकाच्या टेबलावर सुरू झालेल्या निगेटिव्हला दुसऱ्याने हात लावायचा नाही. एकोणचाळीस साली एक जण अर्धं रीळ सोडून जेवायला गेला आणि दुसऱ्याने ते पुरं केलं. परिणामी पडद्यावर एका बिशपची शवपेटी पोहण्याच्या तलावातून वर आली आणि काठावरच्या सोळा सुंदऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. छप्पन्न थिएटरांत ते दाखवलं गेल्यावर नियम झाला. संपादकाला तर निगेटिव्हजवळ बोट न्यायचीही मुभा नव्हती.

चार वाजता प्रयोगशाळेचा माणूस रीळ न्यायला येणार होता. सव्वादोन वाजले होते.

"मग आख्खी शर्यतच काढतो," सॉल म्हणाला.

"काढ. मग थेअर चषक देताना दिसणार नाही. त्याने त्या दिवसासाठी नवी टोपी घेतली आहे. त्याला तू सांग."

सॉलने फोन लावला, दोन मिनिटं नुसतं "हो, मिस्टर थेअर" म्हटलं, आणि मग रिसीव्हर एडनापुढे धरला. "तूच बोल. माझं पोट दुखतंय."

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला.

"कापणारी."

"मला संपादकांशी बोलायचंय."

"ते इथेच उभे आहेत. कात्री माझ्याकडे आहे."

"हे बघा बाई, ती पोरगी चर्चच्या मागून—"

"मिस्टर थेअर, पुलावर तुम्ही उघड्या गाडीत उभे आहात. ती तुमच्यापासून दहा फुटांवर आहे. तुमचं बोट अगदी स्वच्छ आलंय. नखसुद्धा दिसतंय."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"ते तुकडेही दाखवायचे म्हणता?" एडनाने विचारलं. "आमच्याकडे जागा आहे. कुत्र्यांचं प्रदर्शन थोडं कमी करू."

"दिसू दे तिला," थेअर शेवटी म्हणाला. "एकदा दिसून जाऊ दे. पण नाव घ्यायचं नाही आणि वेळ सांगायची नाही. ती आमच्या यादीत नाही. तिची वेळ कोणी घेतलेलीच नाही. ज्याची वेळ नाही तो धावलाच नाही."

त्याने फोन ठेवला. एडनाने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि हातमोजे काढून झटकले.

"झालं ना मनासारखं?" सॉल म्हणाला. "आता जोड पटकन."

"वेळ घेतली नाही म्हणतो."

"नाहीच घेतली. त्यांनी घड्याळं खिशात घातली ती येताना."

"कॅमेऱ्याने घेतली."

सॉल हसला. "सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणून मोजणार? एडना, तो किल्लीचा कॅमेरा आहे. किल्ली उतरली की तो ढेपाळतो. फर्डीच्या गुडघ्यांवर घड्याळ लावलंस तर जास्त खरं निघेल."

"गुडघ्यांवर जाऊ नका," फर्डी आपल्या जागेवरून म्हणाला.

सॉलचं म्हणणं बरोबर होतं, आणि एडनाला ते त्याच्याआधी माहीत होतं. पण अँगसने रिळांच्या डब्यात एल्डरटनचं वर्तमानपत्रही घातलं होतं, आणि त्यात पुरुषांच्या वेळा होत्या. नंबर तेवीस: एक तास चौदा मिनिटं सहा सेकंद. नंबर एकशे चाळीस: एक तास चौदा मिनिटं एकोणीस. मधे तेरा सेकंद. आणि दोघेही त्याच एका सलग तुकड्यात होते, कॅमेरा मधे थांबलेला नव्हता. म्हणजे कॅमेऱ्याचा वेग काय होता ते ही दोन माणसंच सांगणार होती.

छाती रेषा ओलांडते ती फ्रेम धरून तिने मोजलं. तेविसाच्या छातीपासून एकशे चाळिसाच्या छातीपर्यंत तीनशे एक फ्रेम. तेविसाच्या छातीपासून बाईच्या छातीपर्यंत एकशे शहात्तर. मग पिवळ्या कागदावर भागाकार केला, फर्डीकडून तपासून घेतला.

"साडेसात सेकंद, वर थोडंसं," फर्डी म्हणाला. "एक चौदा तेरा लिही."

"चौदा लिहिते. तिच्या बाजूने ओढलं असं कोणी म्हणायला नको."

चारला दहा मिनिटं असताना रीळ डब्यात गेलं. बाई त्यात होती. तिच्यावर निवेदकाने काय बोलायचं ते एडनाच्या हातात नव्हतं. तो म्हणाला, "ताई, भाजीबाजार त्या बाजूला!" आणि देशभरच्या थिएटरांत लोक हसले. पण संग्रहासाठी प्रत्येक दृश्याचं कार्ड लिहायचं काम कापणाऱ्याचं होतं. एडनाने लिहिलं: "एल्डरटन, दहा मैल. शेवट. नंबर तेवीस, जोझेट पेलेटिए, १:१४:१४, नंबर एकशे चाळीस." तो पिवळा कागद आणि तीन फ्रेमचे छापील फोटो तिने जोझेटला कारखान्याच्या पत्त्यावर पाठवले.

उत्तर चार ओळींचं आलं. "कागद समितीला दाखवला. त्यांनी परत केला. माझा नवरा म्हणतो, तुमची मोजणी अर्ध्या सेकंदाने चुकली असेल. मी म्हटलं, पुढच्या वर्षी तो अर्धा सेकंद काढून टाकते."

जानेवारीपासून थेअरच्या चार थिएटरांनी अंक बंद केला. सॉलने हे एडनाला आठवडाभर रोज ऐकवलं. मार्चमध्ये फर्डी आपणहून निवृत्त झाला. "आता एकच कापणारा आहे," तो जाताना सॉलला म्हणाला, "मालकांना सांग, प्रश्न सुटला."

पुढल्या ऑक्टोबरात समितीने कॅमेऱ्यांना शेवटच्या रेषेच्या मंचाजवळ येऊ दिलं नाही. अँगस सार्वजनिक रस्त्यावर, न्हाव्याकडून मागून आणलेल्या शिडीवर उभा राहिला. सोमवारी रिळं आली. एडनाने भिंग लावलं.

बाकीच्यांच्या छातीवर समितीने दिलेले कागदी नंबर टाचण्यांनी लावलेले होते. जोझेटच्या छातीवर कापडाचा नंबर होता, बुटाला मारतात तशा दुहेरी टाक्यांनी शिवलेला. निगेटिव्हवर काळ्यावर पांढरा दिसत होता: ११४१४. शेवटच्या वळणावर गेल्या वर्षीच्याच अधिकाऱ्याने तिला गाठलं, कारण या वेळी तो आधीपासून रस्त्यात उभा होता. त्याने नंबर मुठीत धरून ओढला. कापड सुटलं नाही. पुढच्या बारा फ्रेममध्ये तो तिच्याबरोबर धावत होता. तेराव्यात बसलेला होता.

सॉल मागून येऊन वाकला. त्याने समितीची छापील यादी आणली होती.

"अकरा हजार चारशे चौदा?" तो बोट फिरवत म्हणाला. "असा नंबर यादीत नाही."

"आपल्या यादीत आहे. एक, चौदा, चौदा," एडना म्हणाली, आणि जोझेटच्या पुढचा व मागचा पुरुष कोण ते पाहायला रीळ सरकवू लागली.