हौदातलं काळं पाणी

आमच्या गावची भाताची गिरणी लाकडाच्या गॅसवर चालते. अणशीकडच्या या रानात वीज पाहुण्यासारखी येते, म्हणून गिरणीच्या मालकांनी हे यंत्र बसवलं आणि ते सांभाळायला मला ठेवलं. भट्टीत लाकडाचे तुकडे अर्धवट जळतात आणि गॅस निघतो. तो तापलेला असतो, डांबराने भरलेला असतो. तसाच पुढे सोडला तर इंजिन चिकटून बसतं. म्हणून आधी त्याला उंच टाकीत पाण्याच्या फवाऱ्याखाली थंड करायचं, धुवायचं, मग भाताच्या तुसातून गाळायचं. गॅस न्हाऊनमाखून इंजिनात जातो आणि त्याची घाण खाली हौदात उतरते. निम्मी माझ्या अंगावर. बाजाराला जाताना जीपमध्ये बायका नाकाला पदर लावायच्या, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या मधोमध घुसून बसायची. कामाचा वास आहे, चोरीचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात हौद काठोकाठ भरला. त्या पाण्यासाठी बांधीव खड्डा करायचा होता, पण मालकांचं "करू की, करू की" संपेना. एका सकाळी कामावर गेले तर हौद रिकामा. तळाची चावी उघडी आणि काळा ओघळ थेट खालच्या ओढ्याकडे, आमच्या व्हाळाकडे उतरलेला. मी ओघळामागून धावत सुटले.

व्हाळावर सगळं गाव जमलेलं. उन्हाळ्यात व्हाळाचे डोह उरतात, तेव्हा आमच्याकडे झाडाची साल ठेचून पाण्यात टाकतात. मासे गुंगून वर येतात, खाणाऱ्याला काही होत नाही, आणि माणसं टोपल्या घेऊन उतरतात. त्या दिवशी मासे उलटे तरंगताना दिसले, तेव्हा कुणीतरी साल टाकली असंच सगळ्यांना वाटलं. कुणी टाकली, हे विचारायला वेळ कुणाला होता? आमच्या सासूबाईंची टोपली तर भरत आली होती.

"खाऊ नका! गिरणीचं पाणी हाय त्यात!" मी ओरडले. कुणी ढुंकून बघेना. मग मी आमच्याच घरची टोपली उचलली आणि काठावर पालथी केली.

"डोकं फिरलं काय गं तुझं?" सासूबाई कडाडल्या.

"व्हय आत्ती, फिरलंय. त्यो मासा हुंगा. रोज माझ्या साडीला येतो त्योच वास हाय का न्हाई, सांगा."

त्यांनी मासा हुंगला आणि खाली टाकला. तेवढ्यात मालक आले.

"हिचं काय ऐकताय? सालच टाकलीय कुणीतरी. हिच्या नादानं गिरणी बंद पडली तर भात कुठं नेणार? रामनगरला?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्यापासनं कामावर येऊ नको."

लोकांनी टोपल्या पुन्हा उचलल्या. रामनगर लांब आहे आणि भात सगळ्यांच्याच घरात आहे. नोकरी गेल्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग आला. आमच्यात व्हाळावर आलेल्याला माशांचा वाटा देतात आणि तो कुणी नाकारत नाही. शेजारणीच्या टोपलीतला सगळ्यात मोठा मासा मी पानावर घेतला आणि मालकांपुढे धरला.

"घ्या मालक, पयला वाटा तुमचा. घरी न्या, पोरांना खायला घाला."

मालकांचे दोन्ही हात पाठीमागे गेले. सगळ्या गावाने ते पाहिलं. उरलेल्या टोपल्या मला पालथ्या कराव्या लागल्या नाहीत.