नेट लावायला सांगितलं होतं

दादाचा उजवा हात डोक्याच्या वर जाईनासा झाला, तेव्हा साहेबांनी त्याला कामावरून काढलं. मी तेव्हा पत्रकं वाचून भडकणारा पोरगा होतो.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. आमचं घर दिघ्याच्या खाडीकाठी. पाग फेकण्यात माझ्या थोरल्या भावाचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. शिशाच्या मण्यांनी जड झालेलं ते गोल जाळं तो कमरेतून वळून भिरकावायचा आणि ते पाण्यावर ताटासारखं उघडायचं. रस्त्यालगत कारखाना आला, तिथे तो बदली कामगार म्हणून लागला. एका साहेबाने त्याला पाग फेकताना पाहिलं.

"खांदा झकास आहे. आमच्या क्रिकेटच्या टीमला बोलर हवा. उद्यापासून नेट. चांगला खेळलास तर कायम करू."

दादा घरी येऊन म्हणाला, "आये, सायबानी नेट लावाला सांगितलाय."

"मंग लाव की! खातोस तर बैलावानी."

आमच्याकडे नेट म्हणजे जोर. दुसरा अर्थ कुणाला ठाऊक होता?

पाळी सुटली की पाच साहेब आळीपाळीने बॅट धरायचे, दमले की खुर्चीत बसायचे. चेंडू टाकणारा एकटा दादा, आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून. पाग फेकला की तो ओढेपर्यंत खांद्याला उसंत असते. इथे चेंडू लगेच परत यायचा. एकदा त्याने विचारलं, "सायेब, जरा हलू टाकू?"

"नेट आहे ना? मग?" साहेब हसला.

सहा महिन्यांत त्याचं शरीरच बदललं. उजवा खांदा खाली झुकला, कोपर सरळ होईना. हात मागे भलताच लांब जायचा, पण पाठ खाजवता येत नव्हती. दुखणं चुकवायला तो कमरेतून तिरका होऊन टाकू लागला. मग कंबरही धरली. केस डाव्या हाताने विंचरायचा. आईला कळू नये म्हणून कोपऱ्यात तोंड करून.

कायम होण्याआधी डॉक्टरी तपासणी झाली. "दोन्ही हात वर." उजवा खांद्यापाशी अडकला. दादा नापास! बदलीचं कामही गेलं.

मी जाब विचारायला फाटकावर गेलो. कारकुनाने मला बाजूला घेतलं. "अरे, नेट म्हणजे खेळताना मागे बांधतात ती जाळी. नुसता सराव. सरावात कुणी एवढा जोर लावतं का? साहेब लोक त्याला 'नेटराव' म्हणायचे."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं.

घरी येऊन मी दादाला सांगितलं.

"जालीला नेट म्हनतान व्हय?" तो म्हणाला. "जाली तं मना बी ठाव हाय."

मग त्याने पाग उचलला आणि डाव्या हाताने फेकला. तो उघडलाच नाही. चिखलात गोळा होऊन पडला.