अर्धा मूर्खाले

पानमळेवाल्या भाऊंचा पाइप मी मिक्सरमध्ये दळला. घरच्या, चटणीच्या. नातवंडं विचारतात, आजी, तू शास्त्रज्ञ होतीस ना? होते बाबांनो, आणि स्वतःला फार हुशारही समजायचे.

आमच्या अमरावतीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणजे आपा. बाळापूरच्या. त्यांच्या खुर्चीवर कायम त्यांची ओढणीच बसलेली. आपा चहासुद्धा येरझारा घालत प्यायच्या. थांबायच्या त्या फक्त रोटर भरताना. रोटर म्हणजे करंगळीच्या पेराएवढी नळी. तिच्यात नमुन्याची पूड सगळीकडून सारखी ठासून पुण्याच्या यंत्रावर पाठवायची. तिथे ती चुंबकात भोवऱ्यासारखी फिरते आणि पुडीत काय काय आहे ते यंत्र सांगतं. पूड एका अंगाला जास्त झाली की भोवरा कलंडलाच.

विहिरी तळाला गेलेल्या, ती वर्षं. अंजनगावच्या या भाऊंचा ठिबकचा पाइप पहिल्याच उन्हाळ्यात तडकला. दुकानदार म्हणे, नळ्या साफ करायला तुम्हीच ॲसिड जास्त सोडलं. माल खोटा ठरला तरच नवा पाइप, नाहीतर मळा वाळणार. भाऊंनी उरलेला वीतभर तुकडा रुमालात बांधून आणला.

असलं चिवट प्लास्टिक आधी द्रव नायट्रोजनमध्ये ठिसूळ करायचं, मग कुटायचं. नायट्रोजन मिळायचा अकोल्याला, गुरांच्या रेतन केंद्रात. येताना कोणी विचारलं, बाई, कॅनमध्ये काय, की आपा सांगायच्या, "थंडी. उन्हाळ्यात विकाले चालली." त्या दिवशी त्या तोच आणायला गेल्या होत्या. मला कुठला धीर!

परत आल्या, पूड चिमटीत धरली, हुंगली.

"काहून घाई केली, पोरी? पाइपनं एक उन्हाळा सोसला होता, तू त्याले मिक्सरच्या गरमीत दुसरा दाखवला. अन् आता यंत्र म्हणन, यात शेंगदाणे हायेत."

मी रडायला लागले. आपांनी खिडकी ते दार दोन फेऱ्या मारल्या आणि चहाचा डबा उघडला. आत अर्धा तुकडा. जायच्या आधीच कापून ठेवलेला. 'अर्धा कामाले, अर्धा मूर्खाले' हे त्यांचं नेहमीचं वाक्य. तोवर मला वाटायचं, मूर्ख म्हणजे दुसरं कोणीतरी.

तो अर्धा मी नायट्रोजनमध्ये बुडवून आपांच्या देखत कुटला. पुण्याच्या यंत्रावर पाइपात दुसरंच प्लास्टिक मिसळलेलं निघालं, ॲसिड निर्दोष. भाऊंना नवा पाइप मिळाला. मळा कडेने करपला, पण जगला.

आपा निवृत्त होऊन बाळापूरला निघाल्या, तेव्हा एसटीच्या दारातही त्यांचे पाय स्वस्थ नव्हते. प्रयोगशाळेच्या किल्ल्या आता माझ्याकडे. मी मोठ्या गांभीर्याने म्हटलं, आपा, काळजी करू नका, अर्धा तुकडा मी कायम चहाच्या डब्यात ठेवीन.

"डब्यात नोको. अन् कुठं ठेवला ते कोणालेच नोको सांगू, पोरी. तुले बी."