मदनबाणाच्या तीन फांद्या

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरचे नाही.

लातुरात आमच्या गल्लीत कुणाला कुंडीत वासाचं झाड लावायचं झालं, की मला विचारतात. मीही ठासून सांगते. मोगरा हवा तर दिवसभराचं ऊन द्या. रातराणी उशाच्या खिडकीखाली नको, डोकं उठतं. मरवा जिन्यापाशी ठेवा — येता-जाता पदर घासला की वास सुटतो. यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे आजही म्हणते.

मग भ्याले कशाला?

धाकटी जाऊ शोभा, देवणीची, लग्न होऊन आमच्या वरच्या मजल्यावर आली. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं गॅलरीत पाच रिकाम्या कुंड्या मांडल्या आणि माझ्याकडे मदनबाण मोगऱ्याची फांदी मागितली. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, आता घरात दोन बागा होतील. ते 'दोन' मला झोंबलं. माझं नाव निघायचं अशी एकच तर गोष्ट होती त्या घरात — तीही वाटून द्यायची?

फांदी दिली. पण द्यायच्या आधी — इथंच जीभ अडते बघा — तिचं खालचं टोक चहाच्या उकळत्या आधणात बुडवलं. वरून हिरवीगार दिसते, आठ दिवसांत जाते. मग दुसरी दिली, तिसरी दिली. तिन्ही तशाच. शोभा रोज माती चाचपून बघायची. तिसरी वाळली तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवून मी म्हणाले, "एकेकीच्या हाताला गुण न्हाई गं. मनाला लावून घेऊ नको."

तिनं लावून घेतलं. कुंड्या बोहारणीला देऊन टाकल्या.

अठरा वर्षं झाली. सासूबाई गेल्या. बाग माझी एकटीचीच राहिली, आणि तुम्ही आलात तर मी ती मिरवून दाखवीन — खोटं कशाला बोलू? शोभा मात्र स्वतःच्या दारातल्या तुळशीलाही हात लावत नाही. रोज सकाळी वरून हाक मारते, "अक्का, पाणी तुमीच घाला. माझ्या हातानं जळंल."

आजही मारली. मी वर गेले, तांब्या घेतला, पाणी घातलं. ती दोन पावलं लांब उभी होती, तुळशीवर आपली सावलीही पडू नये अशी.